निदान निदान तरी करा!

“कार्ड गेलंय. मदरबोर्ड बदलावा लागेल. ३८,००० होतील.”

लॅपटॉप काउंटरवर ठेवल्यापासून हा निकाल लागेपर्यंत ४ मिनिटं गेली. त्यातलं दीड मिनिट समोरचा माणूस फोनवर दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होता. उरलेल्या अडीच मिनिटांत भाचीने ब्लेंडर उघडून दाखवलं, पडद्यावर रंगीत चौकोन उमटले, त्या माणसाने ‘च्च’ असा आवाज काढला आणि वरचं वाक्य म्हटलं. एक स्क्रू काढला नाही. कधीपासून होतंय, काय करताना होतंय, मध्येच थांबतं का, काही म्हणजे काही विचारलं नाही. वर आणखी एक फुकटचा सल्ला: “यात पैसे घालू नका, नवीन घ्या. हप्ते करून देतो.”

दुकान कुठलं ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या दुकानात हेच झालं. फरक एवढाच की तिथे आकडा ६,००० होता आणि उपाय होता ‘रीबॉलिंग’. “३ महिन्यांची गॅरंटी.” कशाची गॅरंटी, असं विचारलं तर, “कामाची.” म्हणजे काम केल्याची, चालण्याची नव्हे! :)

तर मंडळी, आजचं हे भांडण आहे. दुकानदारांशी आहे, तुमच्याशी आहे (हो, ठाणे-पुणे-डोंबिवली शाखेच्या समस्त नातेवाइकांनो, तुमच्याशीच) आणि थोडं माझ्या स्वतःशीही आहे. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी. हा लॅपटॉप मी २०१७ साली घेतला. गेमिंगचा, वजनाने पाटा-वरवंटा, पंखे सुरू झाले की शेजारी विचारायचे मिक्सर लावलाय का. हौस फिटल्यावर तो धूळ खात पडला होता, तेव्हा दिघीला ताईकडे दिला. भाचीच्या हातात गेल्यावर त्याचं भाग्य उजळलं. या मुलीने कुणी न शिकवता ब्लेंडर शिकून घेतलं आणि गेल्या वर्षभर ती त्यात जंजिरा बांधते आहे. आमच्याकडून खाडीच्या तोंडाशी आलं की समोर पाण्यात जंजिरा दिसतो. ती तिथे जाऊन, फोटो काढून, तटबंदीचे दगड मोजून एकेक बुरूज उभा करते. कलालबांगडी तोफ तिने दोनदा बनवली, कारण पहिल्यांदा मनासारखी झाली नव्हती. पुढे ॲनिमेशनच्या शिक्षणाला जायचं, त्याच्या प्रवेशासाठी दाखवायला हेच तिचं काम. दुसरं काही नाही.

आणि ताईकडे ३८,००० रुपये सहज काढून द्यायला आहेत का? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा तिची सुपारीची बाग आडवी झाली. श्रीवर्धनी रोठा सुपारी, आजेसासऱ्यांनी लावलेली. सुपारीचं नवीन रोप लावलं की फळ धरायला सहा-सात वर्षं सहज जातात. ज्या घराने एका सकाळी पिढ्यांची झाडं जमिनीवर बघितली, त्या घराला “यात पैसे घालू नका, नवीन घ्या” म्हणणं सोपं असतं. ऐकणं नसतं.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या भाषेत ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक रोग ओळखणं, आणि दुसरा ‘कमीत कमी’, ‘एवढं तरी’. मला हा योगायोग फार आवडतो. दुरुस्ती नाही जमली तरी चालेल, सुटे भाग नाही मिळाले तरी चालेल, पण निदान निदान तरी करा! आयुर्वेदात ‘माधवनिदान’ नावाचा ग्रंथ आहे, हजारेक वर्षांहून जुना. त्याचा विषय उपचार नाहीच, रोग कसा ओळखायचा एवढाच. म्हणजे ओळखणं हे स्वतंत्र, अख्खा ग्रंथ लिहिण्याच्या तोलाचं काम आहे, हे आपल्या पूर्वजांना समजलं होतं. आणि आपण? आपण ‘कार्ड गेलं’ म्हणतो आणि गप्प बसतो.

‘कार्ड गेलं’ हे निदान नाहीच. ते ‘पोट दुखतंय’ सारखं लक्षण आहे. पडद्यावर चौकोन उमटतात याचा अर्थ पडद्याची वायर सैल असू शकते, पडदाच खराब असू शकतो, ड्रायव्हर बिघडलेला असू शकतो, धुळीने पंखा अडून चिप तापत असू शकते, चार्जर पुरेशी वीज देत नसू शकतो, साधी रॅम बिघडलेली असू शकते, ग्राफिक्सची स्वतःची मेमरी गेलेली असू शकते, आणि हो, खरोखर चिप मेलेली असू शकते. यातले पहिले सहा प्रकार काही शे ते काही हजारांत सुटतात. ३८,००० चा संबंध फक्त शेवटच्या दोनांशी. ४ मिनिटांत त्याने आठांमधून दोन कसे निवडले, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

आमच्या दिघीच्या जेटीवर या. आगरदांड्याला जाणारी फेरीबोट सुटते, गाड्या चढतात-उतरतात, त्या गडबडीच्या एका बाजूला मच्छीमारांच्या बोटी लागलेल्या असतात. एखाद्या बोटीचं इंजिन रुसलं की मिस्त्री येतो. तो आल्या आल्या ‘इंजिन बदला’ म्हणाला तर नाखवा त्याला पाण्यात ढकलेल! मिस्त्री आधी विचारतो, कधी बंद पडलं? तापल्यावर की थंड असताना? धूर काळा की पांढरा? मग डिझेलमध्ये पाणी शिरलंय का बघतो. मग फिल्टर. मग पाइपात हवा धरलीय का. मग नोझल. मग शेवटी, अगदी शेवटी, कॉम्प्रेशन. स्वस्त आणि सोपं आधी, महाग आणि अवघड नंतर. आणि प्रत्येक पायरीवर एकेक संशयित मोकळा करत जायचं. या माणसाने कुठलं पुस्तक वाचलेलं नाही, पण त्याची रीत कुठल्याही शास्त्रज्ञाची आहे.

आम्ही मिस्त्रीची रीत धरली. मी ४ दिवस रजा काढून दिघीला गेलो, भाचीने एक वही केली आणि सुरुवात झाली. इथे मला कबुली द्यायची आहे. यापूर्वी महिनाभर ती फोनवर “मामा, पडद्यावर चौकोन येतात” म्हणत होती आणि मी दर वेळी “ड्रायव्हर अपडेट कर” एवढंच सांगत होतो. न बघता, न विचारता. म्हणजे त्या दुकानदाराची ४ मिनिटं तरी होती, माझी ३० सेकंद! भांडण स्वतःशीही आहे म्हटलं ते यासाठी.

पहिला संशयित पडदा. चौकोन दिसत असताना स्क्रीनशॉट घेतला आणि तो माझ्या फोनवर उघडला. चौकोन चित्रातही होते. पडद्याचा किंवा त्याच्या वायरचा दोष असता तर स्क्रीनशॉट स्वच्छ आला असता, कारण चित्र तयार झाल्यावर, वाटेत बिघडलं असतं. इथे चित्र जन्मतःच बिघडलेलं होतं. पडदा सुटला. खर्च शून्य रुपये, वेळ २ मिनिटं. (दुकानदाराच्या ४ मिनिटांत हे दोनदा बसलं असतं.)

दुसरी गोष्ट जरा समजून घेण्यासारखी आहे. असल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये चित्र काढणारे दोन असतात. एक प्रोसेसरच्या पोटातच असलेला साधा, आणि दुसरा वेगळी चिप असलेला दांडगा. साधी कामं पहिला करतो, गेम किंवा ब्लेंडर उघडलं की दुसऱ्याला उठवलं जातं. आमच्याकडे बायोसच्या पडद्यावर, ब्राउझरमध्ये, सिनेमा बघताना काहीही त्रास नव्हता. ब्लेंडर उघडलं की तमाशा. या लॅपटॉपची एचडीएमआयची जागा थेट दांडग्या चिपला जोडलेली आहे. तिथून टीव्ही जोडला तर टीव्हीवर नुसत्या रिकाम्या डेस्कटॉपवरही ठिपके नाचले. म्हणजे संशय दांडग्यावर. मात्र तो चिपवर, तिच्या मेमरीवर, तिच्या विजेवर, तिच्या तापमानावर की तिच्या ड्रायव्हरवर, हे अजून उघडं होतं.

ड्रायव्हर: सेफ मोडमध्ये जाऊन जुना पूर्ण खरवडून काढला आणि एक जुनी, स्थिर आवृत्ती टाकली. २ तास बरं चाललं, आम्ही खूश झालो, आणि मग पडदा काळा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ४३, म्हणजे ‘या उपकरणाने स्वतःच अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं’. पण विंडोजचा शब्द एकट्याचा कशाला धरायचा? पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. तिथेही तेच, आणि त्याच्या नोंदीत चक्क लिहून आलं की ग्राफिक्स चिप ‘बसवरून पडली’! भाची हसून लोटपोट. म्हसळ्याहून येणाऱ्या एसटीच्या दारात लोंबकळणारी माणसं आम्ही बघितलीत, पण चिप पडलेली पहिल्यांदा ऐकली. (बस म्हणजे चिप आणि प्रोसेसर यांच्यातला बोलण्याचा रस्ता. चिपने हाकेला ओ देणं थांबवलं, असा त्याचा अर्थ.) दोन वेगळ्या प्रणालींत तोच आजार, तेव्हा ड्रायव्हर सुटला.

रॅम: रात्रभर तपासणी लावून झोपलो. सकाळी चुका शून्य. सुटली.

उष्णता: हिच्यावर माझा सगळ्यात जास्त संशय होता. नोंद ठेवणारा प्रोग्रॅम लावला तर चिप ९३ अंशांवर जात होती. लॅपटॉप उघडला. पंख्याच्या तोंडाशी धुळीची अक्षरशः गादी, वर खाऱ्या हवेने तिचा चिखल झालेला. पेस्ट वाळून खडू. सगळं साफ केलं, नवीन पेस्ट लावली, तापमान ७४ वर आलं. पंख्याचा आवाज निम्मा झाला. आणि चौकोन? चौकोन जसेच्या तसे, अगदी ६० अंशांवरसुद्धा. म्हणजे उष्णता हे आजचं कारण नव्हतं. कालचं असेल, वर्षानुवर्षं तापून तापून कुठेतरी काहीतरी थकलं असेल. पण आज साफसफाईने बरा होणारा आजार हा नव्हता.

वीज: आमच्याकडे पावसाळ्यात व्होल्टेज म्हणजे लपंडाव. म्हणून तेवढ्याच वॅटचा दुसरा चार्जर गावातल्या एका मुलाकडून मागून आणला, इन्व्हर्टरवर चालवून बघितलं, नुसत्या बॅटरीवर बघितलं. फरक नाही.

शेवटी राहिली चिप आणि तिची मेमरी. चिपचा स्वतःचा वेग कमी केला, काही झालं नाही. मेमरीचा वेग कमी केला तर २० मिनिटं पडदा स्वच्छ! मग पुन्हा ठिपके. ग्राफिक्सची मेमरी तपासणारा प्रोग्रॅम लावला, पहिल्या फेरीतच चुकांची रांग. वहीच्या शेवटच्या पानावर भाचीने लिहिलं: ‘संशय: ग्राफिक्स मेमरी, किंवा ती जिथे चिपला जोडते ती जागा.’

४ दिवस. खर्च: पेस्टची नळी आणि टीव्ही मागून घेतला त्या शेजारच्या काकूंना नेऊन दिलेल्या चार शहाळ्यांचा.

यापुढे घरात जमण्यासारखं नव्हतं. वही घेऊन आम्ही माणगावच्या बाजूला एका लहानशा दुकानात गेलो. (नाव नाही सांगत, त्याच्याकडे आधीच पुरेशी गर्दी आहे.) त्या मुलाने पहिली गोष्ट काय केली असेल? वही वाचली. पूर्ण. मग म्हणाला, “तपासायचे ७०० घेईन. दुरुस्त होवो न होवो.” मी म्हटलं, “हजार घे.” त्याने बोर्ड काढला, भिंगाखाली धरला, कडेला खाऱ्या हवेचा हिरवट-पांढरा थर होता तो अल्कोहोलने साफ केला, चिपला आणि मेमरीला मिळणारी वीज एकेका ठिकाणी मीटर लावून मोजली. ती ठीक होती. मग त्याने जे सांगितलं, ते शब्दशः माझ्या लक्षात राहिलंय: “मेमरीचा एक तुकडा गेलाय, किंवा चिपच्या आतला मेमरी सांभाळणारा भाग गेलाय. तुकडा बदलून बघितल्याशिवाय कुठला ते सांगता येणार नाही. तुकडा असेल तर ५,००० मध्ये चालेल. आतला भाग असेल तर ते ५,००० पाण्यात. माझ्या मते निम्मी निम्मी शक्यता. ठरवा.”

इतकं सरळ बोलणं मी आजवर फार थोड्या डॉक्टरांकडूनही ऐकलंय.

आता तुमच्यापैकी हुशार लोक म्हणतील (आणि पुण्याचा मावसभाऊ म्हणालाच), “म्हणजे शेवटी कार्डच गेलं होतं ना? तो दुकानदार ४ मिनिटांत तेच सांगत होता. तुम्ही ४ दिवस घालवले!”

हाच तो मुद्दा, दादा. बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं. तो बरोबर ठरला, पण त्याला माहीत नव्हतं. आणि त्याच्या ‘कार्ड गेलं’च्या पुढे जो निष्कर्ष होता, ‘म्हणून लॅपटॉप गेला’, तो साफ चूक होता. आमच्या वहीत काय खराब आहे हे जेवढं लिहिलंय, त्याच्या दसपट काय चांगलं आहे हे लिहिलंय. पडदा चांगला. रॅम चांगली. चार्जर चांगला, बॅटरी ठीक. प्रोसेसरच्या पोटातला साधा चित्रकार ठणठणीत. आम्ही दांडग्याला डिव्हाइस मॅनेजरमधून कायमचं झोपवलं आणि लॅपटॉप चालू लागला. आज चालतोय. थंड चालतोय, शांत चालतोय. त्याने ज्याला मेलेला ठरवलं होतं, तो एका हाताने काम करतोय.

खोटं बोलत नाही, ब्लेंडर आता मंद चालतं. अख्खा जंजिरा एका वेळी पडद्यावर फिरवता येत नाही. भाचीने त्याचे तुकडे केलेत, प्रत्येक बुरूज वेगळ्या फाइलमध्ये. पूर्ण चित्र काढायला रात्रभर लावून ठेवावं लागतं आणि मध्येच लाईट गेली तर सकाळी ती माझ्याशी बोलत नाही, जणू मीच घालवली. हे नुकसान आहे, मोठं आहे. पण ते काय आहे आणि किती आहे हे तिला माहीत आहे. ५,००० चा जुगार खेळायचा की ते पैसे नव्यासाठी बाजूला टाकायचे, हे मायलेकींनी आकडे समोर ठेवून ठरवलं. बाजूला टाकले.

दुसऱ्या दुकानातल्या रीबॉलिंगबद्दलही बोलतो, आणि त्याच्याच भावंडाबद्दल, म्हणजे बोर्ड ओव्हनमध्ये भाजणे किंवा हीट गनने शेकणे. हा सल्ला मला किमान तिघांनी दिला. एका काकूंनी तर स्वतःचा केकचा ओव्हन देऊ केला! काकू, तुमच्या प्रेमाला नमस्कार, पण नको. चिपच्या आतला सिलिकॉनचा तुकडा आणि खालची पाटी यांच्यामध्ये सोल्डरचे अगदी बारीक टेकू असतात. तापलं की दोघं वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, गार झालं की आकसतात, आणि हजारो वेळा असं झालं की टेकूला तडा जाऊ शकतो. शेकल्यावर तो तडा काही दिवस, काही आठवडे पुन्हा टेकतो. माणसाला वाटतं बरं झालं. मग पुन्हा तेच. शिसंविरहित सोल्डर वितळायलाच २१७ अंशांच्या वर जावं लागतं, तेवढ्यात बोर्डावरचं प्लास्टिक आणि कपॅसिटर यांचं काय होतं ते विचारू नका. आणि ज्या ओव्हनमध्ये उद्या नानकटाई भाजायची, त्यात हा धूर? रीबॉलिंगमध्ये चिपच्या खालचे मोठे गोळे नवीन बसवतात. दोष त्या गोळ्यांत असेल तर उत्तम उपाय. दोष आतल्या टेकूत किंवा मेमरीत असेल तर घराचा पाया दुरुस्त करून गळकं छप्पर थांबवण्यासारखं. म्हणजे पुन्हा तेच: आधी दोष कुठे आहे ते सांगा!

‘जुनं झालं, फेका’ म्हणणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगतो. २००७-०८ च्या सुमारास लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिप वाजवीपेक्षा जास्त संख्येने मरू लागल्या. २ जुलै २००८ ला एनव्हिडियाने स्वतः जाहीर केलं की आधीच्या काही लॅपटॉप चिपमध्ये वापरलेलं सिलिकॉन आणि वेष्टनाचं साहित्य कमजोर निघालंय, आणि दुरुस्ती-बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलने तसल्या चिपच्या मॅकबुक प्रोची दुरुस्ती मुदतीबाहेरही मोफत करून द्यायचं मान्य केलं. २०१० मध्ये अमेरिकेत खटल्यात तडजोड होऊन डेल, एचपी आणि ॲपलच्या ठरावीक मॉडेलच्या मालकांना भरपाईची वाट मिळाली. आता विचार करा. त्या प्रत्येक मालकाला पहिल्याच काउंटरवर “जुना झाला, नवीन घ्या” सांगून वाटेला लावलं असतं, आणि त्या सगळ्यांनी ऐकलं असतं, तर हे कधी उघडकीला आलं असतं का? एका माणसाचं ‘बिघडलं’ हे नशीब असतं. हजारो माणसांचं ‘हाच भाग, याच कारणाने बिघडला’ हा पुरावा असतो. आणि नशिबाचा पुरावा करायला मध्ये कुणीतरी निदान करावं लागतं.

आपल्याकडे काय आहे? २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. चांगलं केलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि बोर्डाचा नकाशा हाती नसताना मीटर घेऊन बसलेल्या माणगावच्या त्या मुलाला पोर्टल कितीसं पुरणार? तो म्हणाला, नकाशा असता तर अर्ध्या दिवसाचं काम तासात झालं असतं. पूर्वी काही लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड वेगळं काढता यायचं. आता बहुतेक ठिकाणी ते बोर्डालाच डकवलेलं असतं. २०० रुपयांच्या तुकड्यासाठी अख्खा बोर्ड टाकायची व्यवस्था कुणीतरी विचारपूर्वक केलेली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या १२ औद्योगिक शहरांच्या यादीत आमच्या दिघीचं नाव आहे. आनंद आहे. पण त्या शहरात पाच-पंचवीस पोरं भिंग आणि मीटर घेऊन बसलेली दिसली नाहीत, फक्त नव्या वस्तूंची खोकी फोडणारी दिसली, तर ते शहर कुणाच्या कामाचं?

दुकानदाराची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. त्याचं भाडं आहे. बोर्ड बदलायला एक तास लागतो, दोष शोधायला चार. आणि शोधून काढल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, “नुसतं बघायचे कसले पैसे?” हे वाक्य आपलं आहे, मंडळी. आपण डॉक्टरला नाडी बघायचे पैसे देतो, वकिलाला कागद वाचायचे देतो, ज्योतिषाला तर न बघितलेल्याचेही देतो! फक्त दुरुस्तीवाल्याला ‘बघायचे’ पैसे द्यायचे आपल्या जिवावर येतं. मग तो बघायचं बंद करतो आणि विकायचं सुरू करतो. ‘कार्ड गेलंय’ ही आपणच त्याला शिकवलेली भाषा आहे.

म्हणून सांगणं एवढंच. पुढच्या वेळी काही बिघडलं, मग तो लॅपटॉप असो, फ्रीज असो, नाहीतर पंप, काउंटरवर गेल्या गेल्या “किती लागतील?” विचारू नका. “कशावरून?” विचारा. कशावरून कार्ड गेलं म्हणता? काय तपासलं? उरलेलं काय चांगलं आहे? उत्तर देणाऱ्याला तपासायचे पैसे रोख द्या, घासाघीस न करता. उत्तर न देणाऱ्याकडून वस्तू उचला आणि घरी या.

असो. फार झालं. गणपतीत बरेच जण दिघीला याल तेव्हा जंजिरा बघायला मिळेल, खाडीतलाही आणि लॅपटॉपमधलाही. दर्शनी बाजू पूर्ण झालीय, मागचे बुरूज चालू आहेत. आणि कुणाला “हे डबडं अजून टाकलं नाही का?” विचारायचं असेल, तर वही देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवली आहे. आधी ती वाचायची, मग बोलायचं. भाचीची सक्त ताकीद आहे.